तल्लख मुलाला कसे वाढवावे : सातारा-सांगलीच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी जाहीर झाली की कऱ्हाड, विटा, तासगाव, कोरेगाव अशा गावांच्या चौकांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांची छायाचित्रे असलेले अभिनंदनाचे फ्लेक्स उभे राहतात. त्यांतली बहुतेक मुले मेहनती आणि हुशार असतात. एखादे मात्र वयाच्या मानाने इतके पुढे असते की त्याच्याशी कसे वागावे हे घरच्यांना आणि शिक्षकांनाही कळत नाही. हे मार्गदर्शन अशा मुलाचे आईवडील, आजीआजोबा आणि वर्गशिक्षक यांच्यासाठी आहे. मूल शिकते ते स्वतःच्या ओढीने, आणि ते शिकलेले चारचौघांत दाखवले जाते ते बहुधा मोठ्यांच्या हौसेने. शिकणे आणि दाखवणे या दोन गोष्टी घरात आणि शाळेत जितक्या वेगळ्या ठेवता येतील तितके मुलाचे भले होते, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या साऱ्या सूचना या एका भेदावर उभ्या आहेत.

आधी नीट ओळखावे

आपल्याकडे पाठांतराला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. तरीही तीन वर्षांच्या मुलाने राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हटल्या किंवा पहिलीतल्या मुलीने तीसपर्यंतचे पाढे पाठ केले, एवढ्यावरून ते मूल असामान्य बुद्धीचे आहे असा निष्कर्ष काढू नये. ती स्मरणशक्तीची आणि घरच्यांच्या चिकाटीची कमाई असू शकते. बुद्धीची चुणूक प्रश्न बदलल्यावर दिसते. सतराचा पाढा पाठ असलेल्या मुलाला सतरा एकोणीसे किती, असे विचारावे. वीस पटीतून एक सतरा वजा करून जे मूल ३२३ हे उत्तर स्वतः काढते आणि ते कसे काढले हे स्वतःच्या शब्दांत सांगते, त्याने पाढ्याच्या आतली रचना पाहिलेली असते. उत्तरापेक्षा ‘हे तुला कसे सुचले?’ हा प्रश्न अधिक सांगून जातो.

याखेरीज काही खुणा वारंवार आढळतात. कोणी न शिकवता शाळेत जाण्यापूर्वीच वाचू लागणे, एकाच विषयात महिनोन्महिने बुडून जाणे, तीच ती उदाहरणे पुन्हा करायला लावल्यास चिडणे, आपल्यापेक्षा मोठ्या मुलांशी बोलण्यात रमणे, आणि एका उत्तरातून पुढचा प्रश्न काढत राहणे, या त्या खुणा होत. यांपैकी एखादीच दिसली तर फार अर्थ काढू नये. अनेक खुणा एकत्र आणि दीर्घकाळ दिसल्या तर दखल घ्यावी.

इथे शिक्षकांना एक आग्रहाची विनंती आहे. चुणचुणीत बोलणारे, घरी पुस्तके असलेले आणि इंग्रजी शब्द सहज वापरणारे शहरी मूल पटकन नजरेत भरते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, किंवा ऊसतोडीच्या हंगामात शाळा बदलत फिरणाऱ्या मुलांत तेवढीच बुद्धी असते, परंतु ती दाखवण्याची भाषा त्यांच्याकडे नसते. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पाचवी-सहावीनंतर अनेक मुली उत्तर येत असूनही हात वर करणे थांबवतात, आणि त्यांच्या गप्प बसण्याला आपण समंजसपणा म्हणतो. अशा मुलांना आणि मुलींना वर्गाबाहेर, एकट्याने, तोंडी आणि वेळेचे बंधन न घालता प्रश्न विचारून पाहावे.

बुद्धिमापन चाचणी करावी का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेली पहिली चाचणी ही ज्यांना शाळेत जादा मदत हवी अशी मुले शोधण्यासाठी होती. हुशारीची क्रमवारी लावणे हा तिचा हेतू नव्हता. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले, आणि बिने-कामत या नावाने ती आजही आपल्याकडे वापरली जाते. या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि शंभरांतली साधारण दोनच मुले १३० च्या वर जातात. सहा वर्षांच्या आत केलेल्या चाचणीचा आकडा पुढे बराच बदलू शकतो, म्हणून केवळ कुतूहलापोटी ती करू नये. शाळेशी काही ठरवायचे असेल किंवा हुशार वाटणारे मूल लेखन-वाचनात अडत असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्यावी, लेखी अहवाल मागावा, आणि मिळालेला आकडा मुलाला किंवा पाहुण्यांना सांगू नये. आकड्याच्या मर्यादेचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुले निवडली आणि त्यांचा अभ्यास अनेक दशके चालला. त्यांपैकी कोणालाही नोबेल मिळाले नाही, आणि निवडीत गुण कमी पडल्याने वगळलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांना मात्र पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. त्यांवर पैसे घालवू नयेत. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग तर उघड फसवणूक आहेत. नाकाच्या बाजूला पट्टीखाली राहणाऱ्या फटीतून मूल पाहत असते, आणि ती फट बुजवली की वाचन थांबते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी अनेकदा जाहीरपणे दाखवून दिले आहे. पैसे जातात ते एक वेळ परवडेल. परंतु मोठ्यांना खूश करण्यासाठी खोटे दाखवायचे असते, हा धडा मुलाला त्या वर्गात मिळतो आणि तो पुसणे अवघड जाते.

एकाच मुलात अनेक वये असतात

सात वर्षांच्या मुलाची आकडेमोड बारा वर्षांच्या मुलासारखी असली तरी त्याचा हात, त्याचे रडणे आणि अंधाराची भीती सात वर्षांचीच असते. घरातले निम्मे वाद या विसंगतीतून जन्मतात. ‘एवढे कळते तुला, मग बुटाची नाडी कशी बांधता येत नाही?’ असे आपण बोलून जातो. विचार वेगाने धावत असताना हात मागे पडतो, म्हणून अक्षर वाईट येते आणि पायऱ्या गाळल्या जातात. हा आळस नव्हे. अशा मुलाला निम्मी उत्तरे तोंडी देऊ द्यावीत आणि सुवाच्य अक्षराचा सराव वेगळ्या वेळी, थोडाच घ्यावा.

भावनांच्या बाबतीत ही विसंगती अधिक बोचते. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला बातम्यांत येत असते. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे लक्षात ठेवणारे मूल कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे मनाशी जोडून पाणी आपल्या गल्लीत कधी येईल याचा हिशेब करू लागते. हिशेब मोठ्या माणसाचा असतो, पण तो पेलणारे मन लहान असते, आणि मूल रात्रभर झोपत नाही. अशा वेळी ‘तू त्यात पडू नकोस’ म्हणून गप्प करण्याने भीती वाढते. त्याचा हिशेब नीट ऐकून घ्यावा, चूक असेल तर दुरुस्त करावा, आणि मग निर्णय कोण घेणार आहे, घर सोडायची वेळ आली तर आपण कुठे जाणार आहोत, सामान कोण भरणार आहे हे स्पष्ट सांगावे. त्यानंतर त्या दिवसापुरत्या बातम्या बंद कराव्यात. मृत्यू, युद्ध, अन्याय यांविषयीच्या प्रश्नांनाही हाच क्रम लागू पडतो.

भूक भागवावी, पुढचे वर्ग उरकू नयेत

मूल पुढे आहे म्हणून पाचवीतच आठवीची पुस्तके संपवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे, कारण तेच मूल प्रत्यक्ष आठवीत गेल्यावर वर्षभर रिकामे बसते. त्याऐवजी शाळेत जे शिकवलेच जात नाही तिकडे त्याला वळवावे. अंकगणितात पुढे असलेल्या मुलाला मूळ संख्यांचे गुणधर्म, वेगवेगळ्या पायांच्या संख्यापद्धती, तिथी आणि अधिक महिन्याचे गणित, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली उदाहरणे द्यावीत. इतिहासात रमणाऱ्या मुलाला अजिंक्यताऱ्यावर नेऊन मराठ्यांची राजधानी साताऱ्याला का आली, याचा नकाशा त्याच्याकडूनच काढून घ्यावा. भाषेची ओढ असलेल्या मुलाला आजीच्या ओव्या आणि म्हणी लिहून घ्यायला सांगावे.

यासाठी फार खर्च लागत नाही, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत सोयीही आहेत. नगर वाचनालयात मुलाच्या नावाने वर्गणी भरावी आणि मोठ्यांच्या कपाटापर्यंत त्याला जाऊ द्यावे. ज्याचे काम वाईहून चालत आले तो मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. ‘काय असते ते?’ या प्रश्नाला इतके नेटके मराठी उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच उपलब्ध आहेत. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. तिथल्या घरांत बसून कोणीही पुस्तके वाचू शकतो, आणि सुट्टीतला एक दिवस तिथे घालवणे हे कोणत्याही उन्हाळी वर्गापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. मुलाचे प्रश्न आपल्या आवाक्याबाहेर गेले तर जवळच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना पत्र लिहावे आणि महिन्यातून अर्धा तास मागावा. असे पत्र मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले तर नकार सहसा येत नाही. गणिताची खरी ओढ असलेल्या मोठ्या मुलासाठी पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्या ऑलिम्पियाडसंबंधीच्या उपक्रमांची माहिती ठेवावी.

पुढे नेण्याचा समंजस मार्ग कसा असतो, हे टेरेन्स टाओ यांच्या बालपणात दिसते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या मुलाने १९८८ मध्ये, तेरा वर्षांचा होत असताना, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले. तरीही त्याच्या आईवडिलांनी त्याला सरळ विद्यापीठात ढकलले नाही. गणित वरच्या पातळीवरचे आणि बाकीचे विषय त्या-त्या तयारीनुसार, अशी मिश्र व्यवस्था त्यांनी काही वर्षे चालवली आणि पदवीची घाई केली नाही. २००६ मध्ये टाओ यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला.

शाळेशी बोलताना

वर्गशिक्षकांकडे तक्रार घेऊन जाऊ नये. एका वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाईंना ‘आमचा मुलगा तुमच्या वर्गात कंटाळतो’ असे ऐकवले की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. त्याऐवजी एखादी छोटी, करता येण्याजोगी गोष्ट सुचवावी. ‘बाई, वीसपैकी शेवटची पाच अवघड उदाहरणे त्याने बरोबर सोडवली तर उरलेल्या वेळात त्याला घरून आणलेले पुस्तक वाचू द्याल का?’ एवढी विनंती बहुतेक शिक्षक मान्य करतात. शिक्षकांनीही दोन गोष्टी टाळाव्यात. हुशार मुलाला रोज मागच्या मुलांना शिकवायला बसवणे ही एक, कारण अधूनमधून ते चांगले असले तरी रोज केल्यास त्याचे स्वतःचे शिकणे थांबते. दुसरी अधिक घातक आहे: ‘बघा, त्याच्याकडून काही शिका’ असे साऱ्या वर्गाला सुनावणे. मधल्या सुट्टीत त्याची किंमत त्या मुलाला एकट्याला मोजावी लागते.

एखादी इयत्ता वगळून पुढे पाठवावे का? मुलाची तयारी आणि इच्छा दोन्ही असतील तर एखादे वर्ष पुढे गेल्याने अभ्यासात सहसा नुकसान होत नाही, असे परदेशांतल्या दीर्घ अभ्यासांतून दिसते. आपल्याकडे मात्र शाळेच्या नोंदी वयाशी बांधलेल्या असतात, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षअखेरीस १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यामुळे घाईने मिळवलेले वर्ष बऱ्याचदा वाट पाहण्यात जाते. पूर्वी शाळेत नाव घालताना १ जून ही सोयीची जन्मतारीख लावण्याची जी पद्धत होती, तिचा आधार आता कोणी घेऊ नये. जन्मदाखला आणि आधार यांतला फरक मुलाला आयुष्यभर छळतो. इयत्ता तीच ठेवून एकाच विषयात वरच्या वर्गात बसू देणे हा मार्ग मुख्याध्यापकांच्या संमतीने साधतो, आणि माझ्या मते बहुतेक मुलांसाठी तोच पुरेसा आहे.

परीक्षांची निवड

या भागात परीक्षांची रेलचेल आहे. दोन पेपरांची ३०० गुणांची शिष्यवृत्ती परीक्षा. सहावीच्या प्रवेशासाठी ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची नवोदय परीक्षा, जिच्यातून सांगलीची मुले पलूसला आणि साताऱ्याची मुले खावलीला जातात. साताऱ्याच्या सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. आणि यांशिवाय खासगी संस्थांच्या असंख्य परीक्षा. यांतल्या काहींचे मोल खरोखर मोठे आहे. नवोदयमध्ये सहावी ते बारावी राहण्या-जेवणासह शिक्षण मिळते, आणि आठवीच्या आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात तेवढ्या रकमेवर मुलीची शाळा टिकते किंवा सुटते, त्या घराला परीक्षा कमी करा असा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. अशा घरातल्या मुलीची तयारी शिक्षकांनी जादा तास घेऊन अवश्य करून घ्यावी.

जिथे पर्याय आहे तिथे मात्र निवड करावी. एका वर्षात जास्तीत जास्त दोन परीक्षा, आणि त्या कशासाठी हे मुलाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. प्रवेश किंवा आर्थिक मदत देणाऱ्या परीक्षेला प्राधान्य द्यावे. जिथे बसलेल्या बहुतेक प्रत्येकाला काही ना काही पदक मिळते अशा खासगी परीक्षा सोडून द्याव्यात. सराव प्रश्नपत्रिका आठवड्यात एक पुरे; तिच्यानंतर चुकलेल्या प्रश्नांवर शांतपणे बोलणे हाच खरा अभ्यास असतो. पहाटे पाचचे आणि रात्री नऊचे असे दोन्ही वर्ग लावलेल्या चौथी-पाचवीच्या मुलाची झोप मोडते, आणि झोप मोडलेले मूल शिकत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्रांनी १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले आहे, हेही पालकांना माहीत असावे.

निकालाच्या दिवशी एक साधा हिशेब मुलासमोर मांडावा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एक प्रश्न दोन गुणांचा असतो. उत्तरपत्रिकेवर एक गोल चुकीचा रंगवला तरी यादीतले स्थान पुष्कळ खाली जाऊ शकते. राज्यात पाचवा आलेला मुलगा आणि यादीत न आलेला मुलगा यांच्या समजुतीत तेवढे अंतर असतेच असे नाही, हे यादीत नाव आलेल्या मुलालाही सांगणे तितकेच आवश्यक आहे.

चारचौघांत दाखवणे

विल्यम सिडिस हा मुलगा १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला आणि पुढच्याच जानेवारीत त्याने तिथल्या गणितज्ञांसमोर चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिले. त्याचे वडील मानसशास्त्रज्ञ होते आणि मुलाच्या शिक्षणातून आपली पद्धत सिद्ध होते असे ते जाहीरपणे मांडत. वृत्तपत्रांनी मुलाचा पिच्छा सोडला नाही. मोठेपणी सिडिस यांनी साध्या कारकुनी नोकऱ्या पत्करल्या आणि लोकांच्या नजरेपासून दूर राहण्याचा प्रयत्न केला; १९३७ मध्ये एका नियतकालिकाने त्यांना पुन्हा उजेडात ओढले, तेव्हा त्यांनी खासगीपणाच्या हक्कासाठी दावा लावला आणि ते हरले. १९४४ मध्ये, ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच काळात हार्वर्डमध्ये असलेल्या नॉर्बर्ट वीनर यांना अठराव्या वर्षी पीएचडी मिळाली आणि पुढे ते सायबरनेटिक्सचे, म्हणजे यंत्रे आणि सजीव यांतल्या नियंत्रणाच्या शास्त्राचे, जनक ठरले. पण मुलाचे यश हे आपल्या शिकवण्याचे फळ आहे असे वडिलांनी छापून आणल्याने मन किती खचले, हे त्यांनीही आत्मचरित्रात नोंदवले आहे. यश वडिलांचे आणि अपयश तेवढे आपले, अशी त्या मुलाची समजूत झाली होती. या दोघांच्या बुद्धीने त्यांचे नुकसान केले नाही. त्यांना जे सोसावे लागले ते त्या बुद्धीच्या प्रदर्शनातून आणि तिच्यावरच्या मालकीतून आले.

आपल्या भागातले याच्या उलट उदाहरण संगीतातले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात, गावोगावी त्यांचे कार्यक्रम होत, आणि १९३६ मध्ये मुंबईच्या संगीत परिषदेत त्यांनी जाणकारांना थक्क केले. त्यानंतर त्यांना मूळचे मिरजेचे असलेले गुरू बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवण्यात आले. टाळ्या मिळवणारी नक्कल हातात असलेल्या मुलाला पुन्हा विद्यार्थी होण्याची सवड आणि अनेक घराण्यांचे गाणे ऐकण्याची मोकळीक तिथे मिळाली. स्वतःचे गाणे त्यांना सापडले ते या वर्षांच्या जोरावर, असे मला वाटते. आडसाली ऊस आठव्या महिन्यात तोडला तर वजनही भरत नाही आणि उताराही पडत नाही, हे ज्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, त्या जिल्ह्यांत हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

प्रत्यक्षात करायचे ते असे. मुलाचा फ्लेक्स लावण्याचा प्रस्ताव घेऊन मंडळाची मुले आली तर त्यांचे मनापासून आभार मानावेत आणि त्या खर्चात शाळेच्या वाचनालयाला पुस्तके द्यावीत असे सुचवावे. असा पर्याय दिला की नकार कोणाला लागत नाही. शाळेतला सत्कार एकदा स्वीकारावा, प्रत्येक संस्थेचा स्वीकारू नये. मुलाचे चेहऱ्यासह व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नयेत. तो सोळा वर्षांचा झाल्यावर ते त्याला आवडतील की नाही, हे आज आपण ठरवू शकत नाही. सर्वांत अवघड प्रसंग घरातच येतो. पाहुणे आले की आजोबा कौतुकाने म्हणतात, ‘बाळा, काकांना ते वर्गमूळ काढून दाखव.’ आजोबांचे प्रेम खरे असते, म्हणून त्यांना पाहुण्यांसमोर अडवू नये. नंतर एकांतात सांगावे, ‘आबा, तुम्ही त्याला एकट्याला काही विचारा, तुमच्या हिशेबाच्या वहीतले विचारा, त्याला फार आवडते. लोकांसमोर म्हणायला लावले की तो चुकण्याच्या भीतीने रात्री झोपेत बोलतो.’ नातवासोबत बसण्याचे काम मिळाले की बहुतेक आजोबांना त्याला मिरवण्याची गरज उरत नाही.

चुकण्याची सवय

असामान्य मुलावरचा सर्वांत खोल दाब हा न चुकण्याचा असतो, आणि तो बहुतांशी आपल्या कौतुकातून तयार होतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाचवीतल्या ज्या मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले गेले ती पुढे सोपी कामे निवडण्याकडे झुकली आणि अपयशानंतर लवकर खचली. ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले अवघड कामाकडे वळली. पुढच्या अभ्यासांत असे परिणाम कमी-अधिक आढळले आहेत, तरी घरात पाळण्यासाठी ही सूचना बिनधोक आहे. ‘किती हुशार!’ याऐवजी ‘दुसरी रीत कुठून सुचली?’, ‘काल अडले होते तिथून पुढे कसा गेलास?’ असे कामाविषयी बोलावे.

ज्या मुलाला दहावीपर्यंत सारे सहज येते त्याला अडल्यावर काय करायचे हे शिकायची संधीच मिळालेली नसते. मग अकरावीत लातूरला, पुण्याला किंवा कोट्याला गेल्यावर पहिल्यांदा अवघड प्रश्न आणि पहिल्यांदा बरोबरीची मुले भेटतात, आणि ‘मी हुशार नाहीच’ असा निष्कर्ष ते मूल एका महिन्यात काढते. हे टाळायचे तर आठव्या-नवव्या वर्षापासूनच त्याला असे काहीतरी नियमित मिळायला हवे जिथे ते पहिले नसेल. पोहणे, तबला, तालीम, काहीही चालेल. सांगलीत बुद्धिबळाची सोय सहज होते, कारण भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी तिथे या खेळाची दीर्घ परंपरा उभी केली आहे. बुद्धिबळात हरण्याला कोणाचे निमित्त सांगता येत नाही, आणि हरल्यानंतर ज्याने हरवले त्याच्याच सोबत बसून डाव पुन्हा मांडून पाहण्याची रीत आहे. तल्लख मुलाला यापेक्षा उपयुक्त शिस्त मला माहीत नाही. फक्त तिथेही मानांकनाचा आकडा घरात चर्चेचा विषय होऊ देऊ नये.

एकांगी बुद्धीच्या मुलाबाबत रामानुजन यांची गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. कुंभकोणमच्या महाविद्यालयात गणितापायी इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. यातून दोन सूचना निघतात: नावडत्या विषयांत पास होण्यापुरती तयारी मुलाकडून शांतपणे करून घ्यावी, आणि त्या विषयांत पहिला येण्याची अपेक्षा सोडून द्यावी.

भावंडांविषयी थोडे. एका घरातल्या दोन मुलांपैकी एकच असामान्य असेल तर दुसऱ्याची तुलना न करण्याचा निश्चय पुरत नाही, कारण पाहुणे ती करतातच. दुसऱ्या मुलासाठी आईवडिलांपैकी एकाचा वेळ आठवड्यात राखून ठेवावा. उशिरा फुलणाऱ्यांचे उदाहरण साताऱ्याजवळच्या माहुलीतच आहे. रामशास्त्री प्रभुणे विशीच्या सुमारास, सावकाराच्या घरी ऐकलेल्या टोमण्यानंतर, काशीला शिकायला गेले अशी कथा परंपरेने सांगितली जाते, आणि तेच पुढे पेशवाईतले न्यायाधीश म्हणून ओळखले गेले.

मदत कधी घ्यावी

बुद्धी हा आजार नव्हे. टर्मन यांच्या अभ्यासातली बहुसंख्य मुले मोठेपणी निरोगी आणि स्थिर आयुष्य जगली. म्हणून मूल खचलेले दिसले तर ‘हुशार मुले अशीच असतात’ म्हणून सोडून देऊ नये. परीक्षेच्या सकाळी नेमके पोटात दुखणे, कागद फाटेपर्यंत खोडत राहणे, गुणांविषयी खोटे बोलणे, आवडता विषय अचानक टाकून देणे, झोप आणि भूक यांत दोन-तीन आठवडे टिकणारा बदल, ही बोलण्याची वेळ आल्याची चिन्हे आहेत. पहिले पाऊल म्हणून परीक्षा आणि वर्ग काही काळ थांबवावेत. त्यासाठी मूल आजारी पडण्याची वाट पाहू नये. ‘मी नसलो तर बरे होईल’ अशा अर्थाचे बोलणे ऐकू आले तर त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येते. शाळेत मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवावे.

घर सोडून जाताना

नवोदय, सैनिक शाळा किंवा पुण्यातली एखादी शाळा यांसाठी अकराव्या वर्षी घर सोडण्याचा निर्णय मुलाशिवाय घेऊ नये. आधी मुलासह तिथे जाऊन यावे, वसतिगृह आणि भोजनगृह त्याला पाहू द्यावे, आणि तिथल्या सातवी-आठवीतल्या मुलांशी मोठ्यांच्या अनुपस्थितीत बोलू द्यावे. फोनवर पहिला प्रश्न गुणांचा विचारू नये. जेवण, मित्र आणि खेळ यांविषयी आधी बोलावे. पहिल्या सहामाहीनंतर राहायचे की परत यायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे, असे जाण्यापूर्वीच सांगावे, आणि ते सांगणे खरे असावे. त्यासाठी गावातल्या शाळेत वर्षाच्या मध्यात प्रवेश मिळेल का, दाखला आणि गुणपत्रक यांची कोणती कागदपत्रे लागतील, याची चौकशी निघण्याच्या आधीच मुख्याध्यापकांकडे करून ठेवावी.